चार इंचांचा उतार

४ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि त्याच आसनात एक तक्रार.

तू पाकीट लाकडाच्या डिंकाने चिकटवतेस. हे मी आजवर तीनदा सौम्य शब्दांत सांगितलं, आता गंभीरपणे सांगतो. तुझं गेलं पत्र मी आधी नखाने, मग पट्टीने आणि शेवटी किटलीच्या वाफेवर धरून उघडलं. तरी तिसरा परिच्छेद पाकिटालाच चिकटून राहिला आणि त्याचं देहावसान झालं. जे अवशेष हाती आले त्यांत ‘म्हणूनच मी त्याला सरळ सांगितलं की’ एवढंच वाचता येतं. कोणाला? काय? खंडित पाठ कसा पुरा करावा हे शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, पण तुझ्या पाठापुढे मी हात टेकले. पत्र उघडण्यासाठी असतं गं. ते नेपथ्य नव्हे, की प्रयोगभर हलता कामा नये.

आता मुद्दा. माझी दाढ दुखत होती. दंतवैद्यबाईंनी माझ्या तोंडात दोन बोळे, एक नळी आणि एक आरसा घातला, आणि मग विचारलं, “सर, लहान रोबोंच्या कुस्त्यांबद्दल तुमचं काय मत?” त्या अवस्थेत माणसाला जे मत असू शकतं ते मी घशातून व्यक्त केलं. बाईंनी तो होकार धरला.

झालंय असं, की बाई, समोरचा औषधवाला, एक बसचालक बाई आणि लिफ्ट दुरुस्त करणारे दोघे भाऊ, असं पाच प्रौढ, कमावत्या, वरवर शहाण्या माणसांचं एक छंदी मंडळ आहे. प्रत्येकाने (भावांनी दोघांत मिळून) घरी दीड किलोपर्यंतचं एक चालतं यंत्र बनवलंय. ती यंत्रं एकमेकांवर सोडायची, ज्याची हालचाल दहा आकडे मोजेपर्यंत थांबेल तो हरला. गेल्या वर्षी हे युद्ध दवाखान्याच्या फरशीवर झालं आणि औषधवाल्याच्या रोबोचं पातं निसटून पेशंटच्या बाकात रुतलं. बाकावर त्या वेळी कोणी नव्हतं, नाहीतर बाईंना एक दात फुकट काढावा लागला असता. म्हणून यंदा नीट बंदिस्त आखाडा हवा. आठ बाय आठ फूट, चारी बाजूंनी न फुटणारा पारदर्शक पत्रा. एक म्हातारा सुतार मिळालाय. रेखाटन करणारं कोणी मिळेना. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझी मामेबहीण नाटकांची घरंदारं उभी करते, तिला हा खेळ आहे.

आपला पहिला आखाडा आठवतो? वर्कशॉपमध्ये नवं यंत्र आलं त्याचं ते रिकामं खोकं, त्यात माझं चावीचं बदक आणि तुझा चावीचा ट्रॅक्टर. खोक्याच्या तळाला मेण घासून गुळगुळीत कोणी केलं होतं, हे आपल्या तहात बसत नाही म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षं तू त्या वर्कशॉपच्या दारात पाऊल टाकलं नाहीस, आणि अकरा वर्षं मी त्या माणसाचा विषय काढला नाही. पण कोणीतरी शिट्टी वाजवून सामना सुरू करायचं, एवढं तरी आठवू देशील ना?

रेखाटन पाठव. डिंक कमी लाव.

तुझा,
टीकाकार

१३ जानेवारी

टीकाकारा,

डिंक तोच आहे. वाफ धर आणि गप्प बस.

तिसऱ्या परिच्छेदात काही नव्हतं. प्रकाशयोजनेवाल्याशी भांडण झालं होतं, मिटलं.

सोबत चार कागद. जमीन अठरा मिलिमीटर प्लायवूडची, चार तुकड्यांत, खालून बोल्टने जोडायची. सुटी करून कुठेही नेता आली पाहिजे. कडेला लोखंडी अँगल. भिंतींना पॉलिकार्बोनेटच लावा, काच नको, अ‍ॅक्रिलिकही नको, ते तडकतं. दार मागच्या बाजूला, आणि दार उघडं असताना आत कोणी यंत्र सोडू नये म्हणून तिथे लाल दिवा. खालच्या सांगाड्याच्या पायांची मापं तिसऱ्या कागदावर आहेत.

दौऱ्यात आहोत. दर चार दिवसांनी नवं गाव, नवा मंच, तेच घर पुन्हा उभं करायचं. तुझं पत्र आलं तेव्हा मी एका नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत, उलट्या ठेवलेल्या सिंहासनावर बसले होते. तिथेच काढायला घेतलं. बदक आठवलं. त्याची चोच वाकली तेव्हा तू रडला नाहीस, उलट मला सात नियम म्हणून दाखवलेस, ज्यांतले पाच तू तिथल्या तिथे रचले होतेस. तेव्हाच तुझं नाव टीकाकार ठेवलं. शिट्टी आठवते. त्याहून जास्त नको.

एकच अट. जसं काढलंय तसंच करा. माझ्या मापात न विचारता सुधारणा करणारा माणूस मला आयुष्यात एकदा भेटलाय. तेवढा पुरे.

ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,

सा. न.

कागद पोचले. मी ते सुतारापुढे असे ठेवले, जसा आमच्या गुरुजींपुढे मूळ पाठ ठेवायचो. म्हणजे पाणी, चहा आणि शंका लांब ठेवून. तू लिहिलंयस ते प्रमाण. आमचं काम अन्वय लावण्याचं.

सुताराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि चारही कागद बराच वेळ पाहिले. मग विचारलं, “हे कोणी काढलं?” मी म्हटलं, “आहेत एक ओळखीचे गृहस्थ.” “हं,” म्हणाला. पुढे चौकशी नाही. तिसऱ्या कागदावर पुढचे पाय बारा इंच आणि मागचे सोळा असं तू लिहिलंयस, त्या सोळावर त्याने बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं. मी विचारलं, “काय झालं?” तर, “काही नाही. सोळा लिहिलंय ना? मग सोळा.”

काम रविवारी आणि माझ्या शाळेनंतर चालतं. बसचालक बाई पॉलिकार्बोनेटचे पत्रे एकटीने उचलतात आणि वळणावर मागच्यांना “धरून उभे राहा” म्हणतात. लिफ्टवाले भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकाने हात पुढे केला की दुसरा त्यात बरोबर तोच पाना ठेवतो. औषधवाला प्रत्येक स्क्रू किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर, अशा नजरेने पाहतो. मला भुसा झाडण्याचं खातं मिळालंय.

आणि तो भुसा, ताई. पहिल्या दिवशी करवत चालली आणि मी पंधरा वर्षांचा झालो. सरसाचं भांडं, खिडकीतून तिरप्या उन्हात तरंगणारी धूळ, रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या ढलप्या, ज्यांच्या तू मला मिशा लावायचीस. सुताराला पेन्सिल सापडेना. सगळं टेबल उलथंपालथं केलं आणि ती कानामागेच होती. मला हसू आलं तर माझ्यावरच ओरडला, “भाचेबुवा, दात काय काढता, टोक धरा!” मी टोक धरलं. पन्नाशी उलटलेला माणूस, वर्गात चाळीस मुलं माझ्या भुवईला घाबरतात, पण टोक धरा म्हटलं की मी धरतो.

स्पर्धा २ मार्चला आहे. रेखाटनापासून आम्ही केसभरही ढळलेलो नाही.

तुझा,
टीकाकार

५ फेब्रुवारी

टीकाकारा,

दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली तुझी, आणि स्वतःचं पत्र टपालात टाकण्याआधी एकदा वाचलं नाहीस. तो ‘म्हातारा सुतार’ तुला भाचेबुवा कोणत्या नात्याने म्हणाला रे?

रागावले नाही. रागावले होते, परवापर्यंत. तू तह मोडलास, तोही माझ्याच पेन्सिलीने. आज काम करताना एका पोराला ओरडले, “टोक धर!” आणि माझाच आवाज ऐकून थांबले. तो माझा आवाज नव्हता.

म्हणजे बाबा अजून काम करतात. मला वाटलं होतं, वर्कशॉप बंद करून गादीवर बसत असतील आणि रेडिओशी वाद घालत असतील. हात थरथरतात का? करवत स्वतः चालवतात की लिफ्टवाल्यांना देतात? बसतात का मधे? तू लिहीत नाहीस. मिशा लिहितोस.

मला यायला सांगू नकोस. आखाडा पुरा करा. रेखाटन कोणाचं हे त्यांना कळता कामा नये. कळलं की ते त्यात काहीतरी नीट करून ठेवतील, आणि मग मी आणखी अकरा वर्षं पत्रसुद्धा लिहिणार नाही.

ताई

ता. क. चष्मा दोनदा पुसला असं लिहिलंस. पूर्वी एकदाच पुसायचे.

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

अपराध मान्य. ‘ओळखीचे गृहस्थ’ हा पाठ प्रक्षिप्त होता.

मामा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. हात थरथरतात, पण लाकडाला लागले की थांबतात. करवत स्वतःच चालवतात, दर तीन-चार ओढींनंतर स्टुलावर बसतात, आणि आपण दमलो म्हणून नव्हे तर लाकडाला विश्रांती हवी म्हणून बसलोय असा चेहरा करतात. झालं समाधान? आता पुढचं ऐक, कारण ते गंभीर आहे.

काल दुपारी आखाडा पुरा झाला. देखणा झालाय. पारदर्शक भिंती, काळी जमीन, लाल दिवा. सगळे पुढच्या बाजूला ओळीने उभे राहिले, जणू पडदा वर जायचाय. औषधवाल्याने आपला ‘जेवणानंतर’ (रोबोचं नाव हेच आहे) अलगद मधोमध ठेवला आणि दार लावलं. ‘जेवणानंतर’ हळूहळू आमच्याकडे चालत आला.

“वा!” मी म्हटलं.

“मी अजून रिमोटला हात लावलेला नाही,” औषधवाला म्हणाला.

मग दंतवैद्यबाईंची ‘अक्कलदाढ’ ठेवली. तीही आली. बसचालक बाईंचा ‘पुढे सरका’ आपल्या नावाला जागला. लिफ्टवाल्यांचा ‘ओव्हरलोड’ सर्वांत जड, तो सर्वांत आधी पोचला. चौघे पुढच्या भिंतीला नाक लावून ओळीने उभे, जशी पारितोषिक समारंभात पोरं उभी राहतात. लढत एका कोपऱ्यात सुरू झाली आणि तिथेच संपली. कोणी मागे जाऊच शकेना.

मोठ्या लिफ्टवाल्याने पाणसळ ठेवली. बुडबुडा पळाला.

“सर, जमिनीला उतार आहे,” बाई म्हणाल्या. ज्या सुरात त्या ‘कीड मुळापर्यंत गेलीय’ म्हणतात, त्या सुरात.

मामा स्टुलावर बसून चहा पीत होते. “आहे,” ते म्हणाले. “चार इंच.”

“काका, तुम्हाला ठाऊक होतं?”

“कागद आला त्याच दिवशी दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कागदावर होतं.”

बसचालक बाई म्हणाल्या, “अहो काका, त्यात काय, मागचे पाय चार-चार इंच कापा ना. तासाभराचं काम.”

“पाच मिनिटांचं आहे,” मामा म्हणाले. “पण मी नाही कापणार. जिचं रेखाटन आहे, तिला विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई, मामांना मी तर गृहस्थ सांगितला होता.

औषधवाल्याने विनवण्या केल्या. धाकटा लिफ्टवाला स्वतः करवत घ्यायला गेला, तर मामांनी ती आपल्या मांडीवर ठेवली आणि चहा संपवला. सगळे गेल्यावर मी शेजारी बसलो. म्हणाले, “रंगमंचाचा उतार आहे हा. मागचा माणूस पुढच्या प्रेक्षकाला दिसावा म्हणून देतात. चांगलं काम करते. जोडणी बघितलीस का दाराची?” मग करवत खुंटीला अडकवत म्हणाले, “एकदा कापलं होतं न विचारता. पुरे.”

स्पर्धेला दोन आठवडे राहिलेत. बाईंनी तीन गावांना निमंत्रणं धाडलीत. काय करायचं ते कळव.

तुझा,
टीकाकार

२१ फेब्रुवारी

टीकाकारा,

आधी हसले. इतकी, की मुख्य नटी चौकशीला आली. मग तिला बाहेर घालवून दार लावून घेतलं.

चूक माझी. सपशेल माझी. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली, मग स्वतःचे, बावीस वर्षं उताराचे मंच बांधतेय मी, दोन फुटांना एक इंच. जमीन काढायला घेतली की पेन्सिल आपोआप मागे वर चढते. आठ फुटांना चार इंच. मी पाहिलंसुद्धा नाही. उलट्या सिंहासनावर बसून काढलं ना, तिथून सगळं जग प्रेक्षागृहच दिसतं.

पण त्यांना दिसलं आणि तरी त्यांनी तसंच बांधलं. दमत, बसत, चुकीचं बांधलं. हे मी दोन दिवस वाचतेय.

तुला ती पायरी आठवते? माझं पहिलं स्वतंत्र नेपथ्य, बारा पायऱ्यांचा जिना. शेवटची पायरी मी मुद्दाम एक इंच उंच ठेवली होती. म्हातारा रोजच्या सवयीने जिना चढतो, वरच्या पायरीला अडखळतो, आणि घरच्यांना पहिल्यांदा कळतं की याला दिसत नाही. नटाने त्या एका इंचावर महिनाभर पाय बसवला होता. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी रंग आणायला गेले, दोन तासांत परत आले, वर्कशॉपमधला जिना होता तसा रंगवला, मंचावर लावला. प्रयोगात त्याने त्या इंचासाठी पाय उचलला, पाय हवेत पडला आणि तो तोंडावर आपटला. सगळं नाट्यगृह हसलं. सर्वांत दुःखाच्या जागी, टीकाकारा. मी घरी येऊन बाबांना विचारलं तर एवढंच म्हणाले, “चूक दिसली, नीट केली.” माझा त्यांना भरवसा नाही, हे मला तेव्हा कळलं. मी बॅग भरली.

मी २८ला सकाळच्या गाडीने येतेय. पाय कापू नका. मी येईन आणि ते आणि मी मिळून कापू. मला त्यांना एकच गोष्ट विचारायचीय. मला पहिल्यांदा पटाशी हातात दिली तेव्हापासून त्यांनी माझं काम कधी मोजून पाहिलं नव्हतं. कधीच नाही. मग त्याच दिवशी, तीच पायरी, का मोजली? एवढं उत्तर मिळालं की माझं अकरा वर्षांचं ओझं उतरेल.

आणि तू रे? वहीचा समास वाकडा असला तरी तुला झोप येत नाही. चार इंच तुला दिसले नाहीत?

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय, म्हणजे तू निघायच्या आधी पोचेल. सुरुवातीला डिंकाबद्दल काहीतरी लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं.

मामांना तू येतेस हे सांगितलं. उठले आणि दुसरी करवत काढून तिला धार लावत बसले. मग तुझं जुनं उंच स्टूल माळ्यावरून काढायला लावलं आणि त्याचा डुगडुगणारा पाय नीट केला. तो पाय तू असताना पण डुगडुगत होता, मला चांगलं आठवतं. आज दुपारी दोनदा विचारलं, गाडी किती वाजता. मंडळींना सांगून टाकलं, की आखाड्याला कोणी हात लावायचा नाही, मालकीण येतेय.

चार इंच मला दिसले होते. कागद आला त्याच संध्याकाळी. पुढे बारा, मागे सोळा. मला न दिसून कसं चालेल? मी ते मुकाट्याने सुतारापुढे ठेवलं आणि तुला प्रमाण, पाठ, अन्वय असलं काय काय लिहिलं. खरं एवढंच होतं, की तुझ्या मापाबद्दल तोंड उघडायची मला हिंमत नव्हती. एकदा उघडलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मामांकडे नाही, माझ्याकडे आहे. ती पायरी त्यांनी मोजली नव्हती. मी मोजली.

तू रंग आणायला गेलीस आणि मी शाळा सुटल्यावर तुझा जिना बघायला आलो. खिशात पट्टी होती. सहज एकेक पायरी मोजत गेलो. अकरा सारख्या, बारावी इंचभर उंच. मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. पहिलीपासून मी तुझ्या मागे होतो, ताई, आणि तुझी चूक मला पहिल्यांदा सापडली होती. मी मामांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “तिला येऊ दे, विचारू.” मी म्हटलं, “उद्या प्रयोग आहे. उगाच सगळ्यांसमोर ओशाळेल. तुम्ही तासून टाका, तिला कळणारसुद्धा नाही.” ते नको म्हणत होते. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी रंधा घेतला, आणि फळीचं टोक मी धरलं.

तू बॅग भरून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, मी तिला लिहून सगळं सांगतो. ते म्हणाले, “नको. तिला भाऊ एकच आहे.” मी ते ऐकलं. मला ते ऐकणं सोयीचं होतं. त्यानंतर तुझी पत्रं येत राहिली, मी त्यांना हसरी उत्तरं देत राहिलो, आणि ते स्टुलावर बसून विचारत राहिले, “काय म्हणते?” अकरा वर्षं त्यांनी तुझी पत्रं माझ्याकडून ऐकली.

तेव्हा २८ला त्यांना काही विचारू नकोस. ते माझं नाव घेणार नाहीत, स्वतःवरच घेतील, आणि ते मला आता बघवणार नाही. त्यांच्याशी बोल, पाय काप, जोडणी दाखव. ती त्यांना फार आवडलीय.

मी स्टेशनवर येणार होतो. आता येत नाही. तू सरळ वर्कशॉपवर जा. मी घरी असेन. बोलावलंस तर पाच मिनिटांत येईन.

तुमचं दोघांचं नीट होईल, त्याबद्दल मला शंका नाही. स्पर्धेचीही नाही. हे वाचल्यावर तू मला पुन्हा कधी पत्र लिहिशील की नाही, याची मला काळजी वाटते.

तुझा भाऊ